माळगे सरांची काच

माळगे सरांच्या उजव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून आत वळलेली होती आणि खालचा एक दात अर्धाच होता. नव्या वर्गावर गेले की पहिल्या तासाला ते फळ्यावर काहीही काढत नसत. हात मुलांसमोर धरत आणि हजेरी घ्यावी तशा आवाजात सांगत, "ही करंगळी मंद्रूपला मोडली. दातही तिथंच पडला. मी एका माणसाचा डोळा फोडला होता, म्हणून त्यानं मला मारलं. आता वह्या काढा."

एका पालकाने तक्रार केली तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतले. "सर, हे मुलांना सांगण्याची काही आवश्यकता आहे का?"

"आहे," सर म्हणाले. "नाही सांगितलं तर वर्षभर बोटाकडं बघत बसतात. चित्राकडं लक्ष राहत नाही. एकदा सांगितलं की संपलं."

सोलापुरातल्या त्या शाळेत मी भूगोल शिकवीत होते आणि शिक्षकखोलीत माझे टेबल चित्रकलेच्या इरण्णा माळगे सरांच्या टेबलाला लागून होते. सर मूळचे दुधनीचे. घरची भाषा कन्नड, शाळेतली मराठी, आणि राग आला की दोन्ही बंद. रागात त्यांचे हात बोलत. खडू मोडणे, पट्टी टेबलावर आपटून तिचे दोन तुकडे करणे, डब्याचे झाकण मुठीत चेपणे हे सर्व मी पाहिलेले आहे. मुलांवर मात्र त्यांनी कधी हात उचलला नाही. तो उचलावासा वाटला की ते खिडकीकडे जात आणि काचेत पाहत उभे राहत.

डोळा फोडल्याची हकीकत त्यांनी मला एकदाच, पण क्रमाने सांगितली. तेव्हा ते चित्रकला महाविद्यालयात शिकत होते. शहरात बंद पुकारलेला होता. विजापूर रस्त्यावर एका चिंचेखाली पोरांचा घोळका जमला होता आणि त्यात हेही होते. बंद कशासाठी होता ते त्यांना तेव्हाही नीट माहीत नव्हते. मंद्रूपकडून एसटीची एक लाल गाडी आली. सरांनी मुठीएवढा दगड उचलला आणि रस्त्याच्या मधोमध येऊन मारला. समोरची काच तडकली नाही. ती क्षणात पांढरीफटक झाली आणि ज्वारीची रास ओतावी तशी चालकाच्या अंगावर ओतली गेली. गाडी वेडीवाकडी होत रस्त्याच्या कडेला थांबली. आतून बायका किंचाळत होत्या. चालक खाली उतरला आणि पायरीवर बसला. त्याने तोंडावर धरलेल्या बोटांमधून रक्त कोपरापर्यंत ओघळत होते. घोळका पांगला. सर मात्र हातभर अंतरावर उभे राहिले. पोलिसांना त्याने नंतर एवढेच सांगितले, की डोळ्यांत काच गेली, कुणी दिसले नाही. कुणालाही अटक झाली नाही.

चालकाचे नाव म्हाळाप्पा वाघमोडे. डोळा गेल्यावर त्यांना चाकावरून काढून डेपोत हलके काम दिले गेले. शाळेत नोकरी लागल्यावर सरांनी त्यांचे घर शोधून काढले. मंद्रूपच्या आठवडी बाजाराच्या मागे ते घर आहे. वाघमोडे दारात शेरडांना पाला टाकत होते. सरांनी समोर उभे राहून सांगितले, "दगड मी मारला होता." वाघमोड्यांनी हातातला पाला खाली ठेवला, भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि मारायला सुरुवात केली. सर खाली पडले तरी ते मारीत राहिले. त्यांची बायको, सोनाबाई, मध्ये पडल्या नसत्या तर काय झाले असते ते सांगता येत नाही. दम लागल्यावर वाघमोडे एवढेच म्हणाले, "माजी गाडी हुती तशी आनून दे. मग बोल."

या वाक्याचा अर्थ उघड होता. पुन्हा तोंड दाखवू नकोस, इतकाच. माळगे सरांनी ते वाक्य गृहपाठ मानले.

बोट बांधलेले असतानाच त्यांनी लाकडाची पहिली गाडी केली. हातभर लांबीची, लाल, टपावर सामानाचा कठडा असलेली. त्या गाडीत, आणि नंतरच्या कोणत्याही गाडीत, काचेचा कणही नव्हता. खिडक्या म्हणजे घासून गुळगुळीत केलेले लाकूड. काच दिसत असे ती केवळ रंगाने. ती कशी, हे मी त्यांच्याकडून समजून घेतले आहे.

मुलांना काच रंगवायला सांगितली की ती फिक्या निळ्या रंगाने चौकोन भरतात. सर म्हणत, "ही काच नाही. हा रुमाल वाळत घातलाय." मग ते वर्गाला मैदानात नेऊन उभ्या असलेल्या गाडीकडे पाहायला लावत. दिवसा बाहेरून पाहिले तर काच निळी नसते. ती काळी असते, कारण आत अंधार असतो. म्हणून पहिला हात काळ्या रंगाचा, त्यात थोडा निळा आणि किंचित तपकिरी. तो पूर्ण वाळू द्यायचा. मग वरच्या भागात आभाळ उतरवायचे, खाली येता येता ते कोरड्या कुंचल्याने विरवायचे. मध्ये समोरच्या घरांची, झाडांची तुटक रेघ. कडेच्या रबराला लागून केसाएवढी पांढरी रेषा. शेवटी चकाकणारे व्हार्निश, पण फक्त काचेवर, पत्र्यावर नाही. "काच रंगवायची नसते," ते सांगत. "काचेत काय पडलंय ते रंगवायचं असतं. काच आपोआप होते."

मी ती गाडी प्रथम पाहिली तेव्हा खिडकीवर टिचकी मारली. आवाज लाकडाचा आला. माझे बोट मला खोटे वाटले.

दर वर्षी सोलापुरातली संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली, की पुढच्या बाजाराच्या दिवशी सर नवी गाडी कापडी पिशवीत घालून मंद्रूपला जात. वाघमोडे ती ओट्यावर ठेवून घेत. एका डोळ्याने सर्व बाजूंनी पाहत. मग एक चूक सांगत आणि काठीने गाडीचे तुकडे करीत. पहिल्या वर्षी म्हणाले, "पाटी कुटं हाय?" दुसऱ्या वर्षी, "आरसा ह्या अंगाला हुता व्हय?" सोनाबाई सूप आणि झाडू घेऊन दारातच उभ्या असत, कारण रंगीत ढलप्या कोंबड्या टोचून खात. त्या झाडून सुपात भरत, सर सूप पिशवीत रिकामे करून घेत, आणि परतीची गाडी धरत. बाजार भरलेला असे, पण त्यांनी तिथून कधी मेथीची जुडीही आणली नाही.

दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत मी विचारी, "काय झालं, सर?"

"टप फुटला. मागचं चाक शेजाऱ्याच्या अंगणात गेलं."

"तुम्हाला लागलं का?"

"मला नाही मारत आता. गाडीला मारतात."

"काय चुकलं म्हणाले?"

काही वर्षांनी पाटी, आरसा, भोंगा, देवाच्या तसबिरीवरचा हार, सगळे बिनचूक झाले. तेव्हापासून उत्तर एकच असे. "काच खोटी हाय म्हणाले."

एका माजी विद्यार्थ्याने गाडीचे छायाचित्र मोबाइलवरून सगळीकडे पाठवले. पुण्याच्या एका हौशी संग्राहकाचा फोन आला. सर त्याला शांतपणे म्हणाले, "ही देता येणार नाही. ही मोडायला न्यायची आहे." मग सरांनी "हॅलो" म्हणून पाहिले आणि फोन ठेवला.

आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे, जरी तो मला प्रिय नाही.

शहरात पुन्हा एकदा बंद होता. शाळा लवकर सोडली होती आणि लहान मुलांची बस फाटकाशी उभी होती. कोपऱ्यावरून काही तरुण आले. त्यातल्या एकाने दगड उचलून हात मागे नेला. बसमधली मुले खिडक्यांना नाके लावून बाहेर पाहत होती. मी ओरडले असेन. माळगे सर ओरडले नाहीत. ते पाठीमागून गेले, त्यांनी त्या तरुणाचे मनगट धरले आणि पिळले. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. दगड पडला. तरुण गुडघ्यांवर बसला, तरी सर थांबले नाहीत. त्यांनी त्याला लाथा घातल्या, पोटात, बरगड्यांवर, आणि एरवी रागात मुके होणारे ते प्रत्येक लाथेबरोबर दातओठ खाऊन कन्नडमध्ये एकच शब्द म्हणत होते, "सुम्निरू, सुम्निरू." गप्प रहा. तो तरुण तर गप्पच होता. आमच्या शिपायाने आणि मी मिळून सरांना ओढून काढले. त्यांचा शर्ट माझ्या हातात फाटला.

बस वाचली आणि त्या तरुणाचा हात मोडला. ही दोन वाक्ये मी अनेकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहेत. पहिले दुसऱ्याला पुसत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या तरुणाचा बाप शाळेत आला. शिक्षकखोलीच्या दारातूनच गरजला, "कुटं हाय त्यो माळगे? माज्या पोराचा हात मोडतोस व्हय रं?"

सर उठले. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "मोडा," ते म्हणाले. "फक्त डावा मोडा. उजव्यानं रंगवायचं असतं."

बापाने हाताकडे पाहिले. वाकड्या करंगळीवर त्याची नजर थांबली. आमच्याकडे वळून त्याने विचारले, "येडा हाय का ह्यो?" मग तो शिव्या देत निघून गेला. सर संध्याकाळपर्यंत हात तसेच ठेवून बसले होते.

निवृत्तीचे वर्ष आले. म्हणजे शाळेच्या चित्रकलाखोलीत बसून करायची ही शेवटची गाडी. पुढे दुधनीला जाऊन राहायचे त्यांनी ठरवले होते. एवढ्या वर्षांत वाघमोड्यांनी एकही गाडी मान्य केली नव्हती. "एक तरी त्यांनी ठेवून घ्यावी," सर म्हणाले. "माफ करा म्हणत नाही मी. गाडी होती तशी आणली, एवढं म्हणावं. मग बोलायची परवानगी आहे."

एका दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले होते. समोरची काच पूर्ण झाली होती. आभाळ होते, चिंच होती, रिकामा रस्ता होता. भूगोल शिकवणाऱ्याला दिशेची खोड असते. मी विचारले, "सर, चिंच काचेत या बाजूला आली, म्हणजे पाहणारा गाडीच्या अगदी समोर, रस्त्यातच उभा आहे. बरोबर?"

"बरोबर. मी तिथंच होतो."

"जुन्या गाडीची काच जवळजवळ उभी असते. मग तुम्ही तिच्यात दिसायला हवेत. रस्ता रिकामा कसा?"

त्यांनी व्हार्निशची बाटली उचलली आणि माझ्या डोक्यावरून भिंतीवर फेकली. तुकडे माझ्या खांद्यावर पडले. मी जागची हलले नाही. ते धैर्य नव्हते, मला सुचलेच नाही. सर लगेच खाली बसले आणि काचा वेचू लागले. बोट कापले तरी वेचत राहिले. वेचता वेचता म्हणाले, "तो काढता येत नाही, बाई. तिळाएवढाच होतो, पण काढता येत नाही. कितीदा काढला आणि पुसला. पांढरा शर्ट होता, हात वर होता, इतकं माहीत आहे. तोंड कसं होतं? दगड मारणारा स्वतःला बघत नाही. तिथं बघणारा कुणीच नव्हता."

तरीही त्या वर्षी त्यांनी तो काढला. मला भिंग देऊन दाखवला. रिकाम्या रस्त्यावर पांढरा ठिपका, वर गेलेली केसासारखी रेघ, आणि तोंडाच्या जागी नुसती सावली. "या वेळी तुम्ही चला," ते म्हणाले. "प्रश्न तुम्ही विचारला होता."

आम्ही बाजाराच्या दिवशी मंद्रूपला उतरलो. पिशवीत गाडी, आणि गाडीखाली घडी करून ठेवलेली दुसरी पिशवी, तुकड्यांसाठी.

सोनाबाई दारात सूप घेऊनच उभ्या होत्या, पण त्यांनी सरांना आधी बाजूला घेतले. "मास्तर, दुसराबी गेला," त्या म्हणाल्या. "काचबिंदू म्हनं. दिवाळीपासनं कायबी दिसंना." सर पिशवी छातीशी धरून उभे राहिले. ज्या वर्षी काच पूर्ण झाली, त्याच वर्षी ती पाहणारा डोळा उरला नव्हता.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

"मी. माळगे."

"आलास व्हय औंदाबी? आन हिकडं."

वाघमोडे ओट्यावर आले. काठी हातातच होती. गाडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांचा अंगठा टपावरून फिरला, कठड्यावरून, आरशावरून, आणि समोरच्या काचेवर येऊन थांबला. ते अंगठा तिथे घासत राहिले. अंगठ्याला गुळगुळीत लाकडाखेरीज काहीच मिळत नव्हते.

"काचंत काय हाय?"

"आभाळ आहे," सर म्हणाले. "चिंच आहे. रस्ता."

"आनि?"

सरांनी माझ्याकडे पाहिले नाही. "आणि मी."

अंगठा थांबला. "कसा?"

"पांढरा शर्ट. हात वर केलेला. तोंड जमलं नाही मला. तोंड कसं होतं ते माहीत नाही."

"मला इचारायचं," वाघमोडे म्हणाले. "त्वांड उघडं हुतं. रडायला आल्यागत. मी बगितलं की, काच फुटायच्या आदी."

सोनाबाईंच्या हातातले सूप दाराच्या चौकटीला लागून वाजले. सरांचा आवाज मला ओळखता आला नाही. "मग पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"लई ल्हान हुतास रं."

एवढे बोलून वाघमोड्यांनी गाडी अलगद बाजूला ठेवली, बोलणे कुठून येते त्याचा अंदाज घेतला आणि काठी उगारली. सर मागे सरले नाहीत. पहिला तडाखा खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर येऊ नये म्हणून त्यांनी डावा हात वर केला, तो त्या हातावर बसला. हाड वाजले. आणखी एक, मानेपाशी. आंधळ्या माणसाच्या काठीला अंतर कळत नाही, म्हणून तो पूर्ण जोराने मारतो. मी पुढे झाले तेव्हा सोनाबाईंनी माझा दंड धरला. "ऱ्हाऊ द्या," त्या हळूच म्हणाल्या. "गाडीला न्हाय मारलं."

वाघमोडे थांबले. धापा टाकत बसले. काठी खाली पडली होती ती त्यांनी शोधली नाही. त्यांचा हात गाडी शोधत ओट्यावर फिरला आणि ती सापडल्यावर तिच्यावरच राहिला.

"सोने," ते म्हणाले, "ही वर फळीवर ठिव. कोंबड्या टोचतील."

सोनाबाईंनी सूप आणि झाडू भिंतीला टेकवले.

"मामा," सर म्हणाले. बोलायची परवानगी आता होती. पण ते पुढे काही बोलले नाहीत. वाघमोड्यांनी वाट पाहिली आणि मग म्हणाले, "जा आता. गाडी चुकंल तुजी."

आम्ही बाजारातून स्टँडकडे निघालो. सरांचा डावा हात कोपरापासून सुजत चालला होता आणि कानामागून रक्ताची बारीक धार कॉलरमध्ये उतरत होती. दवाखान्यात जाऊ म्हटले तर त्यांनी ऐकले नाही असे दाखवले. एका वांगीवाल्या बाईच्या पाटीपुढे ते अचानक थांबले.

"कशी दिली?" त्यांनी विचारले. मी इतक्या वर्षांत त्यांना भाजीचा भाव विचारताना ऐकले नव्हते.

"घ्या की मास्तर, काटेरी हायत, आजच तोडल्यात. अन् हे रगत कसलं?"

"काही नाही. एक किलो द्या."

बाईने तागडी उचलली. सरांनी तुकड्यांसाठी आणलेली पिशवी काखेतून काढली, चांगल्या हाताने ती उलटी केली आणि झटकली. मग शिवण चाचपून पाहिली आणि पुन्हा झटकली.

"बास की," बाई म्हणाली. "वांगी हायत, सोनं न्हाय. किती झटकताय?"

"थांबा जरा," माळगे सर म्हणाले, आणि पिशवीचा तळ उजेडाकडे धरून आत पाहू लागले. "आत काच असेल एखादी."